झिजलेल्या फळ्यांवर कोणती शीट टाकावी?

प्रश्न : आमच्या एका खोलीची जमीन लाकडी फळ्यांची आहे. फळ्या झिजून त्यांच्यामधील फटी रुंदावल्या आहेत, कुसळे पायांना टोचतात आणि चालताना काही ठिकाणी करकर आवाज येतो. फळ्या न उखडता वरून शीट ठोकून त्यावर व्हिनाइल (जमिनीवर अंथरायचा प्लास्टिकचा थर) अंथरण्याचा विचार आहे. प्लायवूड, एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड), पार्टिकल बोर्ड (लाकडाचे बारीक तुकडे डिंकाने दाबून केलेला बोर्ड) आणि हार्डबोर्ड (तंतूंचीच, पण पातळ आणि घट्ट दाबलेली शीट) यांपैकी काय घ्यावे आणि जाडी किती असावी?

उत्तर : शीट घेण्याआधी फळ्या तपासाव्यात, कारण हलणारी फळी शीटखालीही हलतच राहते आणि आवाज तसाच येत राहतो. सैल फळ्या खालच्या वाशांना स्क्रूने आवळाव्यात, वर आलेले खिळे ठोकून बसवावेत आणि टोचल्यावर भुसभुशीत लागणारी फळी बदलावी. ओल असेल तर तिचे कारण आधी दूर करायलाच हवे. शीटखाली कोंडलेली ओल सहजी वाळत नाही आणि लाकूड नजरेआड कुजत जाते. फळ्यांवर जुना रंग असल्यास त्यात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये.

जमीन पक्की असेल तर माझे मत प्लायवूडच्या बाजूने आहे. त्यातील लाकडाचे पापुद्रे एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात, त्यामुळे हवेतील दमटपणा बदलला तरी शीट लांबी-रुंदीत फारशी फुगत किंवा आकसत नाही आणि स्क्रूही घट्ट धरते. फळ्या बऱ्यापैकी सपाट असल्यास ६ मिमी जाडी पुरते. मात्र फळ्यांच्या कडा उचललेल्या असतील तर ९ किंवा १२ मिमी घ्यावी, कारण पातळ शीट खालच्या उंचसखलपणाचाच आकार घेते आणि काही काळाने प्रत्येक फळीची कड व्हिनाइलवर उमटते. १८ मिमीची जाड शीट फळ्या काढून थेट वाशांवर टाकायची असेल तेव्हा कामाची; फळ्यांवर ती टाकल्यास जमिनीची उंची विनाकारण वाढते. पाण्याला टिकणाऱ्या डिंकाचाच प्रकार मागावा आणि विकत घेताना शीटच्या कडा निरखून पाहाव्यात. आतल्या थरांत पोकळ्या दिसल्या तर ती शीट घेऊ नये, कारण खुर्चीच्या पायाचा भार नेमका पोकळीवर आला की तिथे खड्डा पडतो.

साधारण ३ मिमीचे हार्डबोर्ड फक्त सपाट आणि पक्क्या फळ्यांवरच चालते. ते ठोकण्यापूर्वी त्याच्या खरखरीत बाजूवर पाणी फिरवून शीट पाठीला पाठ लावून दोन दिवस सपाट रचून ठेवाव्या लागतात, म्हणजे ठोकल्यानंतर ते वाळताना ताणून बसते. ही पायरी वगळली तर ठोकलेले हार्डबोर्ड पुढे हवेतील ओलावा घेऊन फुगते आणि मधेच उचलले जाते. साधे पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ मी या कामासाठी सुचवणार नाही. दोन्हींच्या कडा पाणी शोषून फुगतात आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाहीत. शिवाय एमडीएफमध्ये कडेजवळ स्क्रू मारला की ते सहज चिरते.

शीट बसवण्याआधी दोन दिवस त्याच खोलीत ठेवाव्यात. वरच्या पापुद्र्याच्या रेषा फळ्यांना आडव्या जातील अशा त्या मांडाव्यात, विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधे मोडते ठेवावेत आणि भिंतीलगत ८ ते १० मिमी फट सोडावी. कडेने सुमारे १५ सेंमी अंतरावर आणि मध्यभागी थोड्या अधिक अंतरावर स्क्रू मारावेत. स्क्रूची लांबी फळीच्या पलीकडे जाता कामा नये. खाली नळ आणि विजेच्या तारा असू शकतात. डिंक मुळीच लावू नये, म्हणजे दुरुस्तीसाठी शीट काढता येते. दारे नव्या उंचीवरून फिरतील का, हेही आधीच मोजावे.

प्रश्न : व्हिनाइल न टाकता प्लायवूडलाच पॉलिश करून वापरले तर चालेल का?

उत्तर : कमी वर्दळीच्या खोलीत चालेल. मात्र सामान्य प्लायवूडचा वरचा पापुद्रा बहुधा मिलिमीटरभराहूनही पातळ असतो, त्यामुळे तो जपूनच घासावा आणि खराब झाल्यावर पुन्हा पुन्हा घासून नवा करता येईल अशी अपेक्षा ठेवू नये. स्क्रूची डोकी लांबीने (पुट्टीने) भरून पॉलियुरेथेनचे (लाकडावर लावायच्या टणक लेपाचे) तीन हात द्यावेत आणि शीट बसवण्यापूर्वी तिच्या कडांनाही तेच लावावे. चाकांची खुर्ची वापरायची असल्यास तिच्याखाली जाड चटई टाकावी.