सत्तरच्या दशकातल्या मराठी चित्रपटगीतांचं आपलं ज्ञान कसं तपासावं?

गायक ओळखणं सोपं असतं. खरी परीक्षा संगीतकार आणि गीतकार ओळखण्यात आहे. यूट्यूब लावा, फोन पालथा ठेवा आणि फक्त सुरुवातीचे सूर ऐकून संगीतकार सांगा.

सुरुवात १९७२ च्या 'पिंजरा'पासून करा. राम कदमांचं संगीत आणि जगदीश खेबूडकरांचे शब्द बहुतेकांना येतात. मग 'सामना' (१९७५). 'कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे' कुणी लिहिलं? इथे भलेभले अडखळतात. शब्द आरती प्रभूंचे, संगीत भास्कर चंदावरकरांचं. हे गाणं माहीत नसेल तर चाचणी बाजूला ठेवा आणि आधी ते शांतपणे ऐका, इतकं ते मोलाचं आहे. 'जैत रे जैत' (१९७७) मात्र सोपा: हृदयनाथ मंगेशकर आणि ना. धों. महानोर.

शेवटचा प्रश्न माझा सगळ्यात आवडता. 'पांडू हवालदार'ला (१९७५) संगीत देणाऱ्या राम-लक्ष्मण जोडीतले राम १९७६ साली गेले. त्यानंतरही लक्ष्मण, म्हणजे विजय पाटलांनी, जोडीचंच नाव लावलं. पुढे त्याच नावाने गाजलेला १९८९ चा हिंदी चित्रपट कोणता? 'मैंने प्यार किया'.