खडबडीत चकतीवरच्या कमी पेशी

प्रिय मुली,

टायटॅनियमच्या चकत्यांवर तू हाडाच्या पेशी वाढवल्यास; सातव्या दिवशी खडबडीत चकतीवर गुळगुळीतपेक्षा पेशी कमी भरल्या, म्हणून तू अख्खा संच बाद करायला निघालीस. थांब जरा. पेशी किती झाल्या ते नंतर; त्या काय करू लागल्या ते आधी बघ.

हाडाची पेशी उघड्या धातूला शिवतसुद्धा नाही. टायटॅनियमवर काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर असतो. चकती पेशी वाढवायच्या द्रवात, म्हणजे माध्यमात, पडली की त्यातल्या सीरममधली प्रथिनं त्या थरावर बसतात आणि पेशी आपल्या इंटिग्रिनांनी, म्हणजे पकड घेणाऱ्या प्रथिनांनी, त्यातल्या फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन या प्रथिनांना धरते. खडबडीत पृष्ठभागावर ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड घडवणाऱ्या पेशी, बरेचदा विभाजन आवरतं घेतात आणि पक्व होऊ लागतात. तू वापरतेस त्या एमजी-६३ पेशींवर (हाडाच्या कर्करोगातून आलेल्या, ऑस्टिओब्लास्टसारख्या) हे अनेक प्रयोगशाळांत दिसलंय: संख्या घटते, ऑस्टिओकॅल्सिन हे पक्वतेची खूण असलेलं प्रथिन वाढतं. तू बाद करतेयस ते कदाचित तुझं सगळ्यात चांगलं निरीक्षण असेल!

पण लगेच हुरळूनही जाऊ नकोस. पहिल्या दिवशी किती पेशी चिकटल्या ते मोजलंस का? पेशी सोडवायला ट्रिप्सिन दिल्यावर खाचांतल्या सगळ्या सुटून आल्या का? एमटीटी चाचणीचा रंग पेशींचा चयापचय सांगतो, त्याला संख्या का समजतेस? अल्कलाइन फॉस्फेटेज हे पक्व होण्याची खूण असलेलं विकर डीएनएच्या, म्हणजे पेशींच्या संख्येच्या, प्रमाणात मांडलंस? हे मी तुला शंभरदा विचारीन. पेशी काय करतायत?

नुसत्या तिसऱ्या दिवसाच्या एमटीटीवर शोधनिबंध छापायला पाठवायला मी कधीच तयार झाले नाही. लोक पुढे गेले, माझी निबंधांची यादी आखूड राहिली. माझ्यापायी विद्यार्थी रखडले, त्याची खंत अजून जात नाही. तरी मी बरोबरच होते, असं मला आजही वाटतं. रुग्णाच्या मांडीत इम्प्लांट बसवल्यावर हाडाने त्या इम्प्लांटला धरायला हवं असतं, पेशींची गर्दी होऊन काय उपयोग? आणि तिथे भारही असतो: दाट हाडाची ताठरता साधारण २० गिगापास्कल, टायटॅनियम मिश्रधातूची ११०च्या आसपास. भार धातूच उचलू लागला की शेजारचं हाड विरळ होतं. तुझ्या प्लेटमध्ये यातलं काहीच नाही, तेव्हा प्लेटकडून निदान जे कळू शकतं ते तरी नीट काढून घे.

उरलेल्या चकत्यांवर व्हिटॅमिन डी३चं सक्रिय रूप (१,२५-डायहायड्रॉक्सी) देऊन ऑस्टिओकॅल्सिन मोज. खनिजासाठी एमजी-६३वर विसंबू नकोस, त्या ते नीट घालत नाहीत. थेट हाडातून काढलेल्या, प्राथमिक ऑस्टिओब्लास्ट घे. पहिल्या दिवसाचे आकडे असतील तर आजच पाठव, नसतील तर नवा संच लाव.

तुझी,
बाई