नंबर नाही म्हणून शाळेत शिरता येत नाहीये? माझा अनुभव

‘आयआरबी (विद्यापीठाच्या संशोधन-नैतिकता समितीची मंजुरी) झाली, पण शाळांत संशोधनाला परवानगी देणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टचं (भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं) पोर्टल सोशल सिक्युरिटी नंबर मागतंय आणि माझ्याकडे तो नाही’, ही इथे अमेरिकेत पीएचडी करताना लिहिलेली तुमची पोस्ट वाचून जुनं सगळं वर आलं. माझाही विषय शाळेतून निलंबित होणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचा. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा, सुरुवातीला नुसती फेलोशिप. पगार नाही, म्हणून नंबर नाही.

आयआरबीबद्दल बोलत नाही, ते तुम्ही उरकलंय. खरी मेख डिस्ट्रिक्टच्या परवानगीत आणि तिथल्या पार्श्वभूमी तपासणीत आहे. आमच्या इथल्या कार्यालयाचं नाव घेत नाही, अजून त्यांच्याच शाळांत काम करते. त्यांच्या फॉर्मवर नऊ आकडे भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचंच नाही. फोन केला की ‘ईमेल करा’, ईमेल केली की ‘आपला अर्ज अपूर्ण आहे’. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाने तर हात वर केले: नोकरी नाही, तर नंबरसाठी पत्र नाही. नियमाने बरोबर! पण कॅम्पसवर आठवड्याला चार तासांचं काम धरलं तरी पत्र मिळतं, एवढं सांगायला काय पैसे पडत होते? ते मला सांगितलं लायब्ररीच्या काउंटरवरच्या एका नेपाळी मुलाने. तोवर डिस्ट्रिक्टची अर्ज घ्यायची मुदत टळली होती, सेमिस्टर पाण्यात.

तेव्हा आधी फेलोशिपच्या अटी बघा, बाहेरचं काम चालत असेल तर छोटंसं धरा. आयटीआयएन या दुसऱ्या नंबरच्या नादी लागू नका, तो करापुरता. पार्श्वभूमी तपासणीसाठी कागदी कार्डावर शाईने बोटांचे ठसे घेता का, हेही डिस्ट्रिक्टला विचारून ठेवा. मी वकील नाही, नियम बदलतात, डीएसओला (विद्यापीठात आपल्या व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला) विचारल्याशिवाय कुठेही रुजू होऊ नका.

परवानगीची वाट बघत बसू नका मात्र. अमेरिकी शिक्षण विभागाचा शाळांमधल्या नागरी हक्कांचा डेटा (सीआरडीसी) सगळ्यांना खुला आहे. २०१७-१८ मध्ये पटावर कृष्णवर्णीय मुलं सुमारे १५ टक्के, पण निलंबित करून घरी बसवलेल्यांत ३८ टक्के. प्रबंधाचं एक प्रकरण एवढ्यावर उभं राहतं. फाइली आजच उतरवून घ्या. २०२५ मध्ये याच विभागाच्या संशोधन शाखेची कंत्राटं कशी धडाधड रद्द झाली ते आपण पाहिलंय.

पैशांचं थोडक्यात: एनएसएफची (सरकारी राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाची) पदवीधर फेलोशिप आपल्याला नाही, नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच. शिक्षण-संशोधनाला पैसे देणाऱ्या स्पेन्सर फाउंडेशनच्या प्रबंध फेलोशिपला नागरिकत्वाची अट नाही, तिथे जरूर भरा.

‘भारतातून येऊन हाच विषय का?’ हे प्रबंध समितीत कुणीतरी विचारणारच. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ कुणाला अर्पण केली (कृष्णवर्णीयांना गुलामीतून सोडवणाऱ्या अमेरिकी लोकांना) ते एकदा सांगा आणि थांबा. प्रत्येक पानावर जातीची तुलना आणणारे आपले लोक मला तरी सहन होत नाहीत. इथल्या मुलांचा प्रश्न इथल्या इतिहासातूनच मांडावा लागतो. (माझं मत, भांडू नका.)

आणि हो, लॅटिनो पालकांसाठीचं स्पॅनिश संमतीपत्र गूगलच्या भरवशावर सोडू नका. शाळेच्या ऑफिसात रोज त्यांच्याशी बोलणाऱ्या बाई असतात, त्यांच्याकडून वाचून घ्या. जन्मस्थानाचा रकाना असेल तर काढून टाका. निलंबनाच्या अभ्यासाला तो लागत नाही, आणि तो दिसला की सही मिळत नाही.