ती फ्रेम आधी उतरवा

‘मी 44 वर्षांची, बोरिवलीला राहते, फोर्टला बँकेत नोकरी. गेल्या वर्षी एका कार्यशाळेत माझं व्हिजन स्टेटमेंट, म्हणजे पुढचं आयुष्य कसं हवं ते एका वाक्यात, लिहिलं: “सकारात्मक राहून, कुटुंबाला प्राधान्य देत, सतत शिकत, समाजासाठी भरीव योगदान देणारं समृद्ध जीवन जगणे.” फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय, येणाऱ्याजाणाऱ्यांना आवडतं. पण बदललं काहीच नाही. नवरा हसतो. पुढची कार्यशाळा करू का?’

नको. पैसे वाचवा. आणि नवऱ्यावर रागावू नका, ते वाक्य वाचून मलाही हसू आलं.

तुम्ही जाता जाता लिहिलेली ती फ्रेम मात्र मला खटकली. हॉलमध्ये लावायचं म्हटलं की माणूस पाहुण्यांना पटेल तेच लिहितो. ‘रविवारी घरी पंगत बसणार नाही’ असं कोण सोफ्याच्या वर टांगेल? म्हणून तुमच्या वाक्यात सगळं आहे, फक्त तुम्ही काय सोडणार ते नाही. आज जेवणं उरकली की फ्रेम उतरवा आणि कोणाला दाखवायचं नाही असं ठरवून नव्याने लिहा.

आधी जुन्याची झाडाझडती. एकेक शब्द उलटा करून बघा. ‘मला नकारात्मक राहायचंय’ असं कोणी म्हणतं का? नाही ना? मग ‘सकारात्मक’ला काट मारा. ‘कुटुंबाला प्राधान्य’, ‘समृद्ध’, ‘भरीव’ यांचीही तीच गत. उरेल ‘शिकणं’ आणि ‘समाज’. काय शिकणं? कोणता समाज? इथे नाव हवं.

मग वेळ मोजा, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. रोजचे दोनेक तास लोकल खाते, संध्याकाळ घर खातं. पण बँकेला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. तुमच्याकडचा सलग वेळ तेवढाच, तर वाक्य त्यातच बसवा. काहीसं असं: ‘मी 49 वर्षांची आहे. बचतगटातल्या बायकांना हिशेब ठेवायला शिकवते. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी 9 ते 12 मी घरी नसते, त्या दिवशी स्वयंपाक माझ्याकडे नाही.’ विषय तुमचा घाला, ठेवण हीच ठेवा: पाच वर्षांनंतरचं चित्र, पण वर्तमानकाळात, आणि शेवटी काय सोडलं ते. चाळीसेक शब्द पुरेत, त्याहून लांब झालं तर पाठ राहत नाही. ‘मुलं यशस्वी व्हावीत’ हे त्यात नको, ते मुलांच्या हातात आहे. कागद हाताने लिहा आणि लोकलच्या पासमागे ठेवा.

एखाददोन शनिवार हुकले तर वाक्याला हात लावू नका, फक्त वेळ बदलून बघा. सलग तीन महिने हुकले, तर ती इच्छा मुळात तुमची नव्हती. खुशाल खोडा.

नवऱ्याला हे वाक्य वाचून दाखवायची गरज नाही. स्वयंपाकाचं तेवढं शुक्रवारी रात्रीच सांगून ठेवा.