घरीच शेवट व्हावा असं रुग्ण म्हणतो, तेव्हा तयारी रात्री दोनची करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचा कर्करोग यकृतात आणि हाडांत पसरलाय, केमो थांबवली आहे, 'मला आता घरीच राहू द्या' असं ते म्हणतात. तर खाट आणि ऑक्सिजन यांशिवाय आणखी कशाची सोय करावी?

खाट, ऑक्सिजन ही सोपी बाजू. बेत मोडतो तो बहुधा रात्री. नवं दुखणं उठतं किंवा दम लागतो, घरात औषध नसतं, फोन कोणाला करायचा ते ठरलेलं नसतं आणि घाबरून कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलावतं. आलेल्या लोकांना दाखवायला कागद नसेल तर ते हृदय पुन्हा चालू करायला छाती दाबायला लागणारच, ते त्यांचं कामच आहे.

आधी वडिलांशी पुन्हा एकदा बोला. 'कुठे' याच्या आधी 'का' विचारा. एखाद्याला घर म्हणजे स्वतःचा पलंग हवा असतो, एखाद्याला फक्त नळ्या नको असतात, एखाद्याला एकटं पडायची भीती असते. नळ्याच नको असतील तर हॉस्पिसही (शेवटच्या काळात फक्त त्रास कमी करणारी काळजी घेणारं केंद्र) चालेल, आणि ते आत्ताच कळलेलं बरं. दुसरी पसंती कोणती तेही विचारून ठेवा. तब्येत एक पायरी उतरली की परत विचारा, कारण मत बदलतं. एक मात्र करू नका: 'काही झालं तरी हॉस्पिटलात नेणार नाही' अशी शपथ घेऊ नका. मोठा रक्तस्राव किंवा न थांबणारे आकडीचे झटके आले तर ती मोडावी लागेल आणि तिचं ओझं नंतर तुम्हालाच वाहायचं आहे.

हे सगळं एका पानावर आणा: निदान, हृदय बंद पडल्यास छाती दाबायची की नाही, अँटिबायोटिक किंवा रक्त चढवणं चालेल का, निर्णय कोण घेणार, डॉक्टर आणि नर्स यांचे रात्रीचे नंबर. तुमच्याकडच्या कायद्याला चालणाऱ्या नमुन्यावर डॉक्टरांची सही घ्या. मूळ प्रत उशाशी, फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये. लांब राहणाऱ्या नातेवाइकालाही हे आजच सांगा. शेवटच्या दिवशी येऊन 'सलाइन का नाही लावलं?' विचारणारा बहुधा तोच असतो. छातीत शॉक देणारं यंत्र (आयसीडी) बसवलेलं असेल तर त्याचा शॉक आधीच बंद करून घ्या, नाहीतर मरताना झटके बसू शकतात. साध्या पेसमेकरला हात लावायची गरज नसते.

आता औषधं. चार गोष्टींसाठी चार औषधं घरात आधीच हवीत: वेदना आणि दम लागणं यांसाठी मॉर्फिन, अस्वस्थतेसाठी मिडॅझोलॅम, मळमळ आणि भ्रमासाठी हॅलोपेरिडॉल, घशातल्या घरघरीसाठी हायोसिन ब्युटिलब्रोमाइड किंवा ग्लायकोपायरोनियम. शेवटी गिळता येत नाही, म्हणून ही सगळी इंजेक्शनच्या रूपात हवीत. त्वचेखाली बटरफ्लाय सुई (चिकटवून ठेवता येणारी बारीक सुई) बसवली की दर वेळी टोचावं लागत नाही. डोस वारंवार लागू लागले तर २४ तास थोडं थोडं औषध सोडत राहणारा सिरिंज पंप लावतात. डोस डॉक्टरच ठरवतील, पण हिशेब तुम्हाला कळलेला बरा. तोंडाने दिवसाला ६० मिग्रॅ मॉर्फिन चालू असेल तर मधेच उठणाऱ्या वेदनेसाठीचा जादा डोस त्याचा सहावा ते दहावा हिस्सा, म्हणजे ६ ते १० मिग्रॅ असतो. त्वचेखाली द्यायचं झालं तर एकूण मात्रा साधारण निम्मी होते, काही ठिकाणी एकतृतीयांश धरतात. मूत्रपिंड मंदावलं की मॉर्फिन शरीरात साचतं. स्नायू उडायला लागले किंवा भास होऊ लागले तर डोस वाढवू नका, फोन करा. आणि मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवसापासून बद्धकोष्ठता टाळणारं, पोट साफ करणारं औषध हवंच.

डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा: कशासाठी, किती, किती वेळाने पुन्हा, कितव्या डोसनंतर फोन. घरातल्या सगळ्यांना हेही आधी सांगा की शेवटचा डोस कुणाच्या तरी हातून जाणारच. बेताबेताने वाढवत नेलेल्या मॉर्फिनने माणूस जात नाही, आजाराने जातो. हे न सांगितल्यामुळे लोक वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत राहतात.

अचानक तळमळ सुरू झाली तर झोपेचं औषध देण्याआधी दोन गोष्टी बघा: लघवी तुंबली आहे का आणि मळाचा खडा झाला आहे का. पहिलीवर कॅथेटर (लघवीची नळी), दुसरीवर एनिमा. अशाने अनेकदा माणूस शांत होतो. रक्तातला ऑक्सिजन ठीक असूनही दम लागत असेल तर सिलिंडरपेक्षा चेहऱ्यावर सोडलेला छोटा पंखा आणि थोडं मॉर्फिन जास्त उपयोगी पडतं.

शेवटच्या दिवसांत खाणं-पिणं आपोआप सुटतं. ही उपासमार नव्हे, शरीर मिटत चाललेलं असतं. या टप्प्यावर सलाइनने अनेकदा सूज आणि छातीतला स्राव वाढतो. त्याऐवजी दर तासा-दोन तासांनी ओल्या स्पंजने तोंड पुसा, ओठांना मलम लावा. घरघर सुरू झाली की कुशीवर वळवा. औषध लवकर द्या, कारण ते नवा स्राव कमी करतं, साचलेला काढत नाही. घशात खोलवर नळी घालून स्राव ओढू (सक्शन करू) नका, त्याने त्रासच होतो. हातपाय गार आणि चट्टेरी होणं, श्वास थांबून थांबून येणं ही जवळ आल्याची लक्षणं आहेत, त्यासाठी ॲम्ब्युलन्स बोलवायची नाही.

माणसं मोजा. एकट्याने रात्रंदिवस हे होत नाही; निदान तिघांच्या पाळ्या लावा. तेवढी माणसं नसतील तर हॉस्पिसमध्ये आधीच नाव नोंदवून ठेवा.

मृत्यूचा दाखला कोण देणार हे आत्ताच डॉक्टरांना विचारा. श्वास थांबल्यावर घाई नसते: वेळ लिहून ठेवा, पंप बंद करा, हवा तेवढा वेळ जवळ बसा आणि मग त्याच डॉक्टरांना फोन करा.