चर्च सुटलं म्हणजे विश्वास उडाला का?

‘मुलगी चर्चला येईनाशी झालीय, तिचा विश्वास उडाला असेल का हो?’ मी समुपदेशक. सोलापुरातल्या ख्रिस्ती घरांतून ही काळजी माझ्याकडे अधूनमधून येते. घेऊन येणारी बहुतेक वेळा आई असते. एका मायलेकींची हकिगत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी चौतिशीतली. लग्न होऊन पुण्याला गेली होती, संसार मोडला, माहेरी परतली. नोकरी घरूनच चालू. शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा धर्मवर्ग), तरुण संघ, क्वायरमध्ये म्हणजे गायनवृंदात अल्टो (बायकांचा खालचा सूर), असं सगळं आयुष्य ज्या चर्चमध्ये गेलं, तिथं ती आल्यापासून फिरकली नव्हती. “बायबलसुद्धा उघडत नाही बघा मॅडम,” आई म्हणाल्या. मुलगी गप्प.

पुढच्या भेटीत तिला एकटीला बोलावलं. प्रार्थना रोज चालू होती. रविवारी दार लावून मोबाईलवर दुसऱ्याच शहरातल्या एका चर्चची उपासना बघत होती, आईला पत्ता नव्हता. मग अडलं कुठं?

मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे तिनं सांगितलं ते मला नवीन होतं. उपासनेत निवेदनं झाली की पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, त्या आठवड्यातले वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस असलेल्यांना पुढं बोलावतात. जोडपी उपकारस्तुतीचं, म्हणजे देवाचे आभार मानून द्यायच्या दानाचं, पाकीट घेऊन उभी राहतात, त्यांच्यासाठी प्रार्थना होते. तिचं लग्नही तिथंच लागलेलं. “माझी तारीख निम्म्या मंडळीला पाठ आहे. त्या रविवारी मी बघू कुठं?”

हे समजायला मंडळी, म्हणजे एका चर्चचा सगळा समुदाय, काय असते ते समजावं लागतं. सोलापूर-नगर पट्ट्यातली बरीच प्रोटेस्टंट घरं अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकन मिशनऱ्यांच्या संस्थेच्या कामातून आलेली. 1970 मध्ये अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा त्या परंपरेतल्या मंडळ्या त्यात गेल्या. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा अनेकांची गावकी-भावकी तुटली. ती जागा मंडळीनं भरली. सोयरीक तिथंच जुळते, दवाखान्यातला डबा तिथून येतो, मयतीला पहिली हाक तिथंच जाते. बाहेरच्यांना वाटतं, रविवारचा दीड तास चुकला तर एवढं काय. पण तिच्यासाठी अख्खी भावकी सुटली होती. आणि भावकी म्हटलं की चौकशा आल्याच.

मोबाईलवरच्या उपासनेत गिटार होती, प्रवचन चांगलं होतं. तिला पेटी-तबल्यावरची टिळकांची पदं हवी होती. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अभंग-ओवीचा बाज ख्रिस्ती भक्तीत आणला. ती पदं तिच्या आजीला तोंडपाठ होती. पण खरी गोष्ट ती नंतर बोलली: “तिथं मी आले नाही तरी कुणाला कळत नाही.” ज्या नजरांना ती टाळत होती, त्यांच्याचसाठी ती झुरत होती. मला वाटतं, मंडळीतलं असणं म्हणजे मुख्यतः हेच: आपली जागा रिकामी राहिली तर कुणाला तरी ती दिसते. कुणाला दिसावी, हे मात्र आपल्या हातात नसतं.

तिसऱ्या भेटीत आई बोलत्या झाल्या. त्यांनी चर्चमध्ये सांगून ठेवलं होतं, जावई कंपनीच्या कामानं परदेशी गेलेत, म्हणून पोरगी आलीय. मुलगी उपासनेला गेली की हे खोटं तिलाच निभवावं लागणार होतं. “आमच्यात घटस्फोट नसतोच हो,” त्या म्हणाल्या. कायद्यात तो 1869 पासून आहे. 2001 च्या दुरुस्तीनं ख्रिस्ती जोडप्यांना परस्परसंमतीनं घटस्फोटाची वाट मिळाली आणि नवऱ्याला व बायकोला मागणीची कारणंही जवळपास सारखी झाली. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांची भीती वेगळीच होती: महिला मंडळाचा हिशोब त्यांच्याकडं असायचा, तो काढून घेतील. मी जरा कडकच बोलले. म्हटलं, काकू, पोरीला उपासनेला पाठवायच्या आधी जावयांना परदेशातून परत आणा.

त्यांना ते जड गेलं, पण त्यांनी पाळकसाहेबांच्या घरी जाऊन खरं सांगितलं. मुलीबरोबर मी दोनच गोष्टी केल्या. एक, आपल्याला नेमकी कुणाची भीती आहे ती नावं लिहून काढायची. ‘सगळे’ म्हणणाऱ्या मुलीच्या कागदावर चार नावं आली. दुसरं, उत्तर तयार ठेवायचं: “आम्ही वेगळे झालोय, मी आईकडं असते. प्रार्थनेत आठवण ठेवा.” हे माझ्या खोलीत ती पुन्हा पुन्हा म्हणाली, आवाज कापेनासा होईपर्यंत.

तरी पहिला रविवार फसला. चारातल्याच एका मावशींनी पायऱ्यांवर, चारचौघांत विचारलं, “का गं, आपसात मिटवता नाही आलं?” पाठ केलेलं वाक्य घशातच राहिलं. पुढचा रविवार ती घरीच.

सोमवारी क्वायरमास्तर घरी आले. विचारपूस नाही, सांत्वन नाही. नाताळच्या गाण्यांची फाईल पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, अल्टोत दोघीच उरल्यात, शुक्रवारी साडेसहाला ये. ती गेली. कशी आहेस विचारणारे तिला बरेच भेटले होते, काम सांगणारं कुणी नव्हतं. घरात असं कुणी मिटून बसलं असेल तर मंडळीतल्यांना मी आता हेच सुचवते: चौकशी थांबवा, फाईल द्या.

सगळ्यांनाच त्याच चर्चमध्ये परत जायला मी सांगत नाही. मारणाऱ्या नवऱ्याकडं परत जा असा दबाव येत असेल, आजार झाकायला लावत असतील, तर दुसरी मंडळी शोधावी. तसं केल्यानं विश्वास कमी होत नाही. इथं तसं काही नव्हतं.

ती आता गाते. लग्नाच्या तारखेच्या आठवड्यात अजून चर्चला जात नाही, आणि आई त्यावरून कुरकुरतात. स्वतःच्या वाढदिवसाला पाकीट घेऊन एकटीनं पुढं जायचं का, यावर दोघींचं अजून जमलेलं नाही. त्याची मला घाई नाही. महिला मंडळाचा हिशोब काकूंकडंच आहे.