देवीच्या मंदिराचा टपालशिक्का

प्रश्न : मदुराईच्या मीनाक्षी मंदिराच्या चित्राचा टपालशिक्का एका पाकिटावर पाहिला. तो इंदूरच्या जीपीओत मारून मिळेल का?
— एक वाचक, स्नेहलतागंज

उत्तर : नाही. कायमस्वरूपी चित्रशिक्का, म्हणजे स्थळाचे चित्र असलेला आणि नेहमी मारून मिळणारा टपालशिक्का, ज्या टपाल कार्यालयाला दिलेला असतो, तिथेच तो मारतात. मीनाक्षी मंदिराचा शिक्का मदुराईच्या मुख्य टपाल कार्यालयाकडे आहे. पण त्यासाठी मदुराईला जायची गरज नाही.

साधारण २२ बाय ११ सेंटिमीटरचे, चकचकीत नसलेल्या कागदाचे पाकीट घ्या. उजव्या वरच्या कोपऱ्यात पुरेशा दराचे, फिक्या रंगाचे तिकीट लावा. गडद तिकिटावर काळी शाई दिसतच नाही. तिकिटाच्या डावीकडे चार-पाच सेंटिमीटर जागा मोकळी सोडा आणि खाली स्वतःचा पत्ता लिहा. आत पोस्टकार्डाएवढा जाड कागद घालून पाकीट बंद करा. अशी दोन पाकिटे करा, म्हणजे एखादा ठसा बिघडला तरी हळहळ नको. दोन्ही मोठ्या लिफाफ्यात घालून ‘पोस्टमास्टर, मदुराई एच.ओ. (म्हणजे मुख्य टपाल कार्यालय), ६२५००१’ या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा. सोबत इंग्रजीत दोन ओळी लिहा : चित्रशिक्का हाताने मारावा, ठशाचा थोडा भाग तिकिटावर आणि थोडा पाकिटावर यावा.

पाकिटे कोरी करकरीत हवी असतील, तर परतीसाठी तिकीट लावलेला वेगळा लिफाफाही जोडा. नाहीतर ती वरच्या लिफाफ्याशिवायच टपालातून येतील आणि वाटेत दुसरे शिक्के बसू शकतील. तरी आमच्या मते असा प्रवास केलेले पाकीटच खरे. कोऱ्या कागदावर मारून घेतलेला ठसा हे नुसते शाईचे चित्र.

प्रश्न : देवीच्या मंदिराचा एक ठसा आला, पण गोपुराच्या जागी काळा डाग आणि तारीख अर्धवट. असे का होते?
— एक वाचिका, राजवाडा परिसर

उत्तर : गोपुरावरच्या मूर्तींच्या रेघा फार बारीक असतात. शाई जास्त झाली किंवा शिक्क्यात जुनी शाई वाळून बसली, की त्या बुजतात. तारीख अर्धवट आली, तर बहुधा दाब एकाच बाजूला पडला. आत जाड कागद नसला की पाकीट खचते आणि ठशाची कड उठत नाही. स्वतः काउंटरवर उभे असाल, तर आधी रद्दी कागदावर एक ठसा मारून दाखवायला सांगा, तारीख वाचा आणि मगच पाकीट पुढे करा. आर्जवाने विचारले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. ठसा उठल्यावर पाच-दहा मिनिटे उघडा ठेवा. लगेच दुसरे पाकीट वर ठेवले की शाई त्याच्या पाठीला लागते.

प्रश्न : पाकिटे कशात ठेवावीत?
— तेच वाचक, स्नेहलतागंज

उत्तर : पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशवीत, उभी. पीव्हीसीचे फोल्डर टाळा, त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ शाई ओढून घेतो. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवा. तिकीट सोडवायला पाकीट पाण्यात भिजवू नका : शिक्क्याचा अर्धा भाग पाकिटावरच राहील.